न उच्चारलेले क्रियापद

मराठी माणूस क्रियापदांच्या बाबतीत मोठा काटकसरी आहे. भाईंदर स्टेशनच्या तिकीट-खिडकीपाशी उभा राहून तो ‘दोन अंधेरी, रिटर्न’ एवढेच म्हणतो आणि खिडकीपलीकडचा कारकून निमूटपणे तिकिटे पुढे करतो. उत्तनच्या मासळीबाजारात ‘वाटा कितीला?’, ‘दोनशे’, ‘दीडशेला?’, ‘पावणेदोनशे’ असा सौदा रंगतो. ‘घे’ हे पहिले क्रियापद कानी पडते तेव्हा व्यवहार पुरा झालेला असतो. आपल्या म्हणींचेही तेच. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’, ‘घरोघरी मातीच्या चुली’, ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ यांपैकी एकीतही क्रियापद नाही. तरी त्या अपुऱ्या आहेत अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

क्रियापद हा वाक्याचा प्राण, असे आपण शाळेत शिकलो. मग हा प्राण गेल्यावर वाक्य जिवंत राहते कसे? वाक्यपृथक्करणाच्या तक्त्यात गुरुजी वाक्यात नसलेला शब्द कंसात लिहावयास लावीत आणि त्याला ‘अध्याहृत’ म्हणत. अध्याहार म्हणजे बाहेरून आणून बसविणे. शब्द सापडला की गुण मिळत आणि प्रश्न संपे. वस्तुतः खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. बोलणाऱ्याने जे उच्चारलेच नाही, ते ऐकणाऱ्याला कोठून मिळाले? त्याने ते बोलणाऱ्याच्या मनातून आणले की स्वतःच्या? आणि दोघांच्या मनांतील क्रियापदे निराळी निघाली तर दोष कोणाचा? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नांचा विचार करू इच्छितो. ते केवळ व्याकरणकारांचे नाहीत. शास्त्रपाठ ऐकणारा, त्याचा अनुवाद करणारा आणि घरात आजीचे अर्धे वाक्य झेलणारा, या सर्वांचे ते आहेत.

गाळलेली क्रियापदे सगळी एका जातीची नसतात. म्हणींमध्ये बहुधा ‘आहे’, ‘असते’ यांसारखे केवळ जोडणारे क्रियापद गळलेले असते. ते पुरविण्यास ऐकणाऱ्याला मागचे-पुढचे काही ठाऊक असावे लागत नाही. तिकीट-खिडकीवरचे क्रियापद प्रसंग पुरवितो. तोच माणूस ‘दोन अंधेरी’ हे शब्द चर्चच्या पायरीवर बोलला, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी लागेल. तिसरी जात याहून सूक्ष्म आहे. ‘पास्कू दर्यावर गेला, बस्त्यावही.’ येथे गळलेले क्रियापद मागच्याच वाक्यात बोलले गेले आहे आणि ऐकणारा ते तेथून उचलतो.

दुसरी आणि तिसरी जात निराळी आहे हे सहज पडताळता येते. समजा, पास्कू माडावर चढत आहे आणि दोघे जण मुकाट्याने पाहत उभे आहेत. त्यांतला एक एकाएकी ‘बस्त्यावही’ एवढेच म्हणाला, तर दुसरा विचारील, ‘बस्त्यावही काय?’ पण ‘बस्त्यावही असेच करतो’ म्हटले तर काही विचारणार नाही. प्रसंग डोळ्यांपुढे असला तरी ‘ही’ला आधी बोललेले वाक्य हवे असते. अमेरिकेत जॉन रॉबर्ट रॉस यांच्या १९६७ च्या प्रबंधापासून अशा लोपांचा काटेकोर अभ्यास वाढीस लागला, आणि १९७६ मध्ये हँकामर व सॅग या दोन भाषाशास्त्रज्ञांनी हाच भेद इंग्रजीच्या आधारे मांडला. काही गाळलेल्या गोष्टींना आधी उच्चारलेले शब्द लागतात, काहींना नुसता प्रसंग पुरतो.

मग ऐकणारा उचलतो ते काय? शब्द, की केवळ अर्थ? मराठी या वादात दोन्ही बाजूंनी साक्ष देते. ‘पास्कू बाजारात गेला, मारीही’ हे वाक्य घ्या. मारीपुढे आपण ‘गेला’ ठेवीत नाही, ‘गेली’ ठेवतो. ‘मी उद्या येईन, तू?’ असे विचारले तर ऐकणारा ‘येशील’ असे भरून घेतो. म्हणजे मागचा शब्द जसाच्या तसा उचलला गेला नाही. अर्थ उचलला गेला आणि नव्या कर्त्याच्या मापाने तो पुन्हा बेतला गेला. आता दुसरी साक्ष. ‘मासे कोण खातो?’ या प्रश्नाचे उत्तर ‘पास्कू’. ‘मासे कोणी खाल्ले?’ याचे उत्तर ‘पास्कूने’. ‘मासे कोणाला आवडतात?’ याचे उत्तर ‘पास्कूला’. एकाही उत्तरात क्रियापद नाही, तरी ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्या अदृश्य क्रियापदाच्याच आज्ञेने आले आहेत. घरधनी माजघरात असला तरी ओटीवरची माणसे त्याच्या धाकाने वागावीत, तसा हा प्रकार आहे.

आपल्या देशात हा वाद फार जुना आहे. ‘दार!’ एवढेच कोणी म्हटले, तर ऐकणारा ‘बंद कर’ हे कसे जाणतो, यावर मीमांसकांमध्ये दोन पक्ष पडले. इसवी सनाच्या ७ व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांच्या पक्षाचे म्हणणे असे की, उच्चारलेल्या शब्दाची सांगड दुसऱ्या शब्दाशीच पडते. म्हणून ऐकणारा गळलेला शब्दच मनात आणतो. हा शब्दाध्याहार. प्रभाकरांच्या पक्षाचे म्हणणे असे की, शब्द आणण्याचे प्रयोजन नाही. अर्थ मनात आला की पुरे. हा अर्थाध्याहार. आमच्या मते मराठीपुरता निवाडा द्यायचा झाला, तर ‘गेली’ हे रूप प्रभाकरांकडून बोलते आणि ‘पास्कूने’ हे उत्तर कुमारिलांकडून. हा वाद आम्ही येथे मिटवू शकत नाही. परंतु भारतीय परंपरेने वाक्यार्थासाठी घातलेल्या अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. आकांक्षा म्हणजे उच्चारलेल्या शब्दांना उरलेली भूक. योग्यता म्हणजे भरलेल्या शब्दाची तेथे बसण्याची लायकी. सन्निधी म्हणजे जवळीक. आणि या तिन्हींच्या जोडीला तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. गार वारा सुटला असता ‘दार!’ म्हणजे बंद कर. कोणी बाहेरून कडी वाजवीत असता ‘दार!’ म्हणजे उघड. भूक तीच, घास निराळा. ऐकणाऱ्याला काहीही भरण्याची मुभा नाही. त्याने अंदाज करायचा तो या चार कुंपणांच्या आत राहून.

ही कुंपणे मोडली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या नित्याच्या बोलण्यातले आहे. ‘पास्कूने आपली होडी रंगविली, बस्त्यावनेही.’ ऐकणाऱ्याला येथे शंका येत नाही. बस्त्यावने बस्त्यावचीच होडी रंगविली. ‘आपली’ हा शब्द कर्त्याला चिकटलेला असतो. कर्ता बदलला की तो नव्या कर्त्याकडे वळतो. ‘पास्कूने त्याची होडी रंगविली, बस्त्यावनेही’ म्हटले तर जुन्या वळणाच्या मराठीत ती होडी तिसऱ्याच कोणाची तरी असते आणि दोघांनीही तीच एक रंगविलेली असते. परंतु इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुले ‘आपला’ विसरत चालली आहेत. ‘तो त्याच्या घरी गेला’ असे ती म्हणतात आणि त्यांना अभिप्रेत असते ते त्याचे स्वतःचे घर. मग ‘तो त्याच्या घरी गेला, बस्त्यावही’ यातला बस्त्याव रात्री कोणाच्या घरी झोपला हे सांगणे अवघड होते. ‘आपला’ हा एक शब्द सैल झाला आणि न बोललेले अर्धे वाक्यही त्याबरोबर निसटले.

दुसरे उदाहरण आमच्या परिसराला अधिक झोंबणारे आहे. ‘शेजाऱ्यांप्रमाणे आम्ही शेत विकले नाही.’ शेजाऱ्यांनी विकले की नाही विकले? वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. शेजाऱ्यांनी विकले, आम्ही मात्र नाही, हा एक. शेजाऱ्यांनी जसे राखले तसे आम्हीही राखले, हा दुसरा. शेजाऱ्यांचे क्रियापद गळले आहे, आणि त्यासोबत ‘नाही’ घ्यायचे की सोडायचे हे वाक्य सांगत नाही. राई-मुर्धा किंवा डोंगरी-उत्तन या भागातल्या जुन्या माणसाला हे वाक्य ऐकताना क्षणभरही अडखळायला होत नाही, कारण कोणते शेत कोणाच्या हाती गेले हे त्याला ठाऊक असते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती; २०११ मध्ये ती सुमारे ८ लाख ९ हजार झाली. या नव्या वस्तीतल्या सज्जन शेजाऱ्याला व्याकरण कितीही चांगले येत असले, तरी या वाक्यातले गळलेले क्रियापद त्याला सापडणार नाही. लोपाला शब्दकोश पुरत नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये समाईक जमीन लागते.

शास्त्रग्रंथ वाचताना तर ही समाईक जमीन हजारो वर्षांच्या अंतरापलीकडची असते. म्हणून तेथे ऐकणाऱ्याची, आणि ऐकणाऱ्यांतला पहिला जो अनुवादक त्याची, खरी कसोटी लागते. जुन्या करारात एक अभिवादन दोनदा आले आहे. हिब्रूत ते दोन शब्दांचे आहे. एक शब्द परमेश्वराचा, दुसरा ‘तुझ्याबरोबर’ किंवा ‘तुमच्याबरोबर’ या अर्थाचा. क्रियापद नाही. रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बवाज बेथलेहेमहून शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्यांना या शब्दांनी अभिवादन करतो. तेही त्याला आशीर्वाद देऊन परतफेड करतात. त्यांनी मनात ‘असो’ भरला. शास्त्यांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवदूत गिदोनाला तेच म्हणतो. गिदोन मिद्यानी लोकांच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडीत आहे. तो आशीर्वाद स्वीकारीत नाही, वाद घालतो. परमेश्वर आमच्याबरोबर असेल तर आमची ही दशा का, असा त्याचा आशय आहे. त्याने मनात ‘आहे’ भरला, आणि म्हणून ते वाक्य त्याला पुराव्यानिशी तपासावेसे वाटले. शब्दरचना तीच; शेतात ते अभिवादन ठरले, द्राक्षकुंडात विधान. न बोललेल्या क्रियापदावर मनुष्याने देवदूताशी घातलेला हा वाद समीक्षकाने अवश्य अभ्यासावा असा आहे.

हेच अभिवादन पुढे लॅटिन मिस्सामध्ये याजकाच्या मुखी आले. तेथेही शब्द दोनच आणि क्रियापद नाही. लोकांच्या लॅटिन प्रत्युत्तरातही नाही. लॅटिनमध्ये ते खपून जात असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले, लोकभाषांना वाट मिळाली, आणि ‘आहे’ की ‘असो’ हा गिदोनाचा प्रश्न अनुवादकांच्या मेजावर येऊन पडला. मराठी मिस्साने ‘असो’ स्वीकारले. इंग्रजीनेही तेथे इच्छा दर्शविणारे रूप घेतले. मात्र देवदूताने मरियेला केलेल्या, त्याच घडणीच्या अभिवादनापुढे इंग्रजी प्रार्थनेत ‘आहे’ या अर्थाचे रूप आहे. याजक इच्छा व्यक्त करतो आणि देवदूत वार्ता आणतो, अशी यामागची समजूत दिसते. ती अयोग्य नाही. तरी मराठीजवळ तिसरा मार्ग होता, हे नोंदविले पाहिजे. परगावी निघालेल्या नातवाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आजी म्हणते, ‘जा बाळा, देव पाठीशी.’ ती ‘आहे’ म्हणत नाही, ‘असो’ही म्हणत नाही. तिच्या वाक्यात इच्छा आणि खात्री एकत्र नांदतात आणि नातवाला त्यांची फोड करावीशी वाटत नाही.

शुभवर्तमानांत तर एका लेखकाने गाळलेले क्रियापद दुसरा भरून देतो असे दिसते. शेवटच्या रात्री, इतर सारे डळमळले तरी आपण डळमळणार नाही, अशी ग्वाही पेत्र देतो. मार्कच्या ग्रीकमध्ये इतरांसाठी क्रियापद आहे. पेत्राच्या वाट्याला ‘मी’ आणि नकार एवढेच शब्द. मत्तय मात्र ते क्रियापद पेत्राच्या तोंडी पुन्हा घालतो आणि ‘कधीच’ या अर्थाच्या शब्दाने ते पक्के करतो. मार्कचे शुभवर्तमान आधीचे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ते धरून चालल्यास मत्तय हा येथे मार्कचा श्रोता ठरतो आणि त्याने केलेला अध्याहार अचूक आहे. परंतु काहीतरी हरपले हेही खरे. मार्कचा पेत्र इतका घाईत आहे की त्या अभद्र शब्दाला तो स्वतःच्या नावाशेजारी बसूही देत नाही. कोंबडा आरवण्यापूर्वी, जे क्रियापद त्याने टाळले तेच त्याच्या हातून घडते. पूर्ण वाक्यात निर्धार ऐकू येतो, अपुऱ्या वाक्यात निर्धार आणि भय दोन्ही ऐकू येतात.

गेथशेमानेतील प्रार्थनेत हे अधिकच स्पष्ट होते. मार्कमध्ये ‘इच्छिणे’ हे क्रियापद येशूच्या ‘मी’शी जोडलेले आहे; पित्याच्या ‘तू’पाशी ते नाही. आणि काय व्हावे हे सांगणारे मुख्य क्रियापद तर मुळीच नाही. लूक ते पुरवितो. मत्तयची रीत अधिक कलात्मक आहे. पहिल्या प्रार्थनेत तो मार्कप्रमाणेच क्रियापद गाळतो. दुसऱ्या प्रार्थनेत ते आणतो, आणि जे आणतो ते येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतील, पित्याच्या इच्छेविषयीच्या मागणीतलेच आहे. म्हणजे मत्तयचा वाचक पहिली प्रार्थना ऐकताना ती रिकामी जागा सहाव्या अध्यायातून भरू शकतो, आणि तीन ओळींनंतर त्याला आपण बरोबर भरल्याची खूण मिळते. अध्याहाराची सन्निधी केवळ मागच्या वाक्यापुरती नसते. जे पाठ आहे तेही जवळच असते.

यावरून अनुवादाविषयी आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. अनुवादाचा सर्वसाधारण कल वाक्य पुरे करण्याकडे असतो. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली; या मोठ्या कामांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. सुबोधतेची निकड त्यांना का वाटली हेही आम्ही जाणतो, कारण जो वाचक प्रथमच ग्रंथ उघडतो त्याला समाईक जमीन द्यावीच लागते. परंतु ‘इतर कोणीही, मी नाही’ अशी रचना मराठीत रोज बोलली जाते. जेथे मूळ भाषेने क्रियापद गाळले आहे आणि मराठीलाही ते गाळून सुखाने उभे राहता येते, तेथे भरण्याची घाई करू नये. आणि जेथे भरणे भाग आहे तेथे भरल्याची खूण ठेवावी. १६११ सालच्या इंग्रजी अधिकृत अनुवादाने पदरचे शब्द वेगळ्या ठशात छापण्याची पद्धत पाळली होती. मूळ ग्रंथाचे काय आणि आपले काय, हे वाचकाला दाखविण्याचा तो प्रामाणिकपणा होता.

कधी कधी भरलेला शब्द वाचकाला दिसतही नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला विचारतो की, त्याची प्रीती ‘यांच्यापेक्षा’ अधिक आहे काय. ग्रीक रूप माणसांना आणि वस्तूंना सारखेच लागू पडते, आणि तुलनेच्या दुसऱ्या अंगातले क्रियापद गळलेले आहे. म्हणून तीन अर्थ संभवतात. हे शिष्य माझ्यावर प्रीती करतात त्यापेक्षा. तू या शिष्यांवर करतोस त्यापेक्षा. किंवा ही जाळी, ही होडी यांवर करतोस त्यापेक्षा. मराठी अनुवादकाने ‘यांच्यापेक्षा’ लिहिले की कान माणसांकडेच वळतो आणि जाळी-होडी मागे पडतात. उत्तनच्या किनाऱ्यावरील श्रोत्याला हा तिसरा अर्थ ऐकण्याचा हक्क सर्वांत आधी पोहोचतो. ज्याचे सगळे आयुष्य होडीने पोसले आहे, त्याला तो प्रश्न सोपा नाही. व्यासपीठावरून पाठ वाचणाऱ्याने किंवा प्रवचनकाराने हा अर्थ एकदा सांगितला, तर ग्रंथावर अन्याय होणार नाही.

शास्त्रग्रंथाला अनुवादक तरी मिळतात. घरातल्या वाक्यांना मिळत नाहीत. ‘दिवेलागण झाली, अजून पोरं?’ किंवा ‘बाप दर्यावर, आणि आभाळ हे असं!’ अशी वाक्ये आपल्या आज्या बोलत आल्या. नातवाला ‘बाप’, ‘दर्या’, ‘आभाळ’ हे तिन्ही शब्द येतात. शाळेच्या मराठी परीक्षेत त्याला चांगले गुणही असतील. तरी या वाक्यात जे क्रियापद मुद्दाम बोलले गेले नाही, जे बोलणे घरात अशुभ मानतात, ते त्याला ऐकू येत नाही, कारण वाट पाहण्याच्या त्या रात्री त्याने आजीबरोबर काढलेल्या नाहीत. तो हिंदीत किंवा इंग्रजीत विचारतो, ‘मग काय झाले?’ आणि आजी गप्प होते. बोली मरते ती शब्द विसरल्याने, असे आपण म्हणतो. आम्हांस वाटते, त्याच्या कितीतरी आधी तिच्यातल्या गाळलेल्या जागा परक्या होतात. उत्तन-डोंगरीची बोली असो, वसईची सामवेदी असो की वाडवळी, तिचे शब्द वहीत उतरवून घेणारे उत्साही तरुण आज दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांनी शब्दांबरोबर अर्धी वाक्येही उतरवून घ्यावीत, आणि ‘पुढे काय?’ हे आजीलाच विचारून समोर लिहावे.

विचारावे असे आम्ही म्हणतो, कारण न विचारता भरण्याची सवयही आपल्यात आहे. ‘काल तिची मुलगी त्या मुलाबरोबर…’ एवढे वाक्य मिस्सा सुटल्यावर अंगणात कोणी सोडून द्यावे. बोलणाऱ्याच्या मनात कदाचित ‘बाजारात दिसली’ एवढेच असते. पण अंगण ओलांडेपर्यंत त्या वाक्याला ऐकणाऱ्यांच्या मनातले क्रियापद चिकटते, आणि एका कुटुंबाची झोप उडते. येथे आकांक्षा ऐकणाऱ्याची असते, तात्पर्य कोणी विचारीत नाही, आणि दोष मात्र बोलणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

योहानाच्या त्याच शेवटच्या अध्यायाचा शेवट या दृष्टीने वाचावा. येशूच्या लाडक्या शिष्याला मागून येताना पाहून पेत्र विचारतो. ग्रीकमध्ये त्या प्रश्नाला क्रियापद नाही. ‘याचं काय?’ असे आपण विचारतो, तसाच तो आहे. याचे काय होईल, हा काय करील, हा कसा मरेल? पेत्राने सांगितलेले नाही. येशूच्या उत्तरात, तो आपण येईपर्यंत राहावा अशी आपली इच्छा असली तर, अशी अट आहे. आणि त्यापुढचा, त्याच्याशी पेत्राचा काय संबंध, हा प्रश्नही क्रियापदाविनाच आहे. क्रियापद स्पष्ट उच्चारले आहे ते शेवटी, पेत्राला दिलेल्या आज्ञेत. मागे ये, ही ती आज्ञा. परंतु बंधुजनांनी आज्ञा सोडली आणि अटीतून आपले वाक्य रचले. तो शिष्य मरणार नाही, असे बोलले जाऊ लागले. लेखक या अफवेचे खंडन कसे करतो हे पाहण्यासारखे आहे. तो नवा अर्थ लावीत नाही, रिकामी जागा स्वतः भरीत नाही. येशू तसे म्हणाला नव्हता, एवढे सांगून तो मूळ शब्द पुन्हा लिहितो, आणि तेथेच थांबतो.

ऐकणाऱ्यासाठी याहून चांगला नियम आम्हांस ठाऊक नाही. जे बोलले गेले ते आधी जसेच्या तसे पुन्हा म्हणून पाहावे. भूक कोणत्या शब्दाची आहे ते ओळखावे. बोलणारा जवळ असेल तर त्याला विचारावे. नसेल तर भरलेला शब्द आपला आहे हे विसरू नये.